एकच घरघर, दोन कान

'गिरणी' हा शब्द मुंबईकराच्या कानावर पडला की त्याला आधी गिरणगाव आठवते, भोंगा आठवतो, १९८२चा संप आठवतो. उर्वरित महाराष्ट्राला मात्र गिरणी म्हणजे पिठाची गिरणी. गव्हाचा डबा घेऊन रांगेत उभे राहायचे, पांढऱ्या धुळीने माखलेल्या माणसाला 'जाड दळा' किंवा 'बारीक दळा' असे ओरडून सांगायचे आणि तो घरघराट कानात साठवून, ऊबदार पिठाचा डबा पोटाशी धरून घरी परतायचे, हा अनुभव नसलेले मराठी घर शोधूनही सापडणार नाही. या अतिपरिचित आवाजावर एका तरुण विद्यार्थ्याने पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियामध्ये, म्हणजे एफटीआयआयमध्ये, एक लघुपट केला. त्याचे नाव 'गिरणी' आणि दिग्दर्शकाचे नाव उमेश विनायक कुलकर्णी.

पुढे 'वळू' (२००८), 'विहीर' आणि 'देऊळ' (२०११) या चित्रपटांमुळे हे नाव सर्वतोमुखी झाले. 'गिरणी' हा २००४-०५च्या सुमारास त्यांनी केलेला विद्यार्थिदशेतला लघुपट. त्यावर राष्ट्रीय पुरस्काराची मोहोर उमटली आणि देशोदेशींच्या महोत्सवांतून तो दाखवला गेला. तरीही या लघुपटाचे खरे वैशिष्ट्य पुरस्कारांच्या यादीत सापडत नाही. ते त्याच्या ध्वनिपट्टीत आहे. मराठी चित्रपटाविषयी बोलताना आपण कथा, अभिनय आणि गाणी यांवर भरभरून बोलतो. आवाज ही गोष्ट बहुधा उल्लेखाविनाच राहते. म्हणूनच या छोट्या चित्रपटाच्या निमित्ताने चित्रपटातील ध्वनी नेमके काय काम करतो, हे समजून घेणे उद्बोधक ठरेल.

आईची भाकरी, मुलाची शांतता

'गिरणी'ची कथा दोन वाक्यांत सांगता येते. पतीच्या पश्चात संसार चालवण्यासाठी एक आई घरात पिठाची गिरणी आणते. तिच्या लहान मुलाला आरंभी या यंत्राचे अप्रूप वाटते. पुढे मात्र त्याच यंत्राची अखंड घरघर त्याचे बालपण व्यापून टाकते. चित्रपट अर्ध्या तासाहूनही कमी लांबीचा आहे. त्याचा शेवट इथे सांगणे योग्य होणार नाही. तो ज्याने त्याने पाहावा आणि मुख्य म्हणजे ऐकावा.

या कथेत कोणी खलपुरुष नाही. आईचे काही चुकलेले नाही. तिच्या दृष्टीने गिरणी सुरू आहे म्हणजे दळण आले आहे, दळण आले आहे म्हणजे चार पैसे मिळणार आहेत आणि चार पैसे मिळणार आहेत म्हणजे मुलाची शाळा सुरू राहणार आहे. यंत्र बंद पडले तर तिच्या काळजात धस्स व्हावे. मुलाचेही काही चुकलेले नाही. घर म्हणजे जिथे बाहेरचा गलका थांबतो ती जागा, एवढीच त्याची अपेक्षा आहे. ज्या आवाजाने आईला धीर येतो, त्याच आवाजाने मुलाचा जीव घुसमटतो. आवाज एकच आहे, कान मात्र दोन आहेत.

चित्रपटकलेच्या दृष्टीने हा पेच फार मोलाचा आहे. एखादी वस्तू दोन माणसांना वेगवेगळी दिसते, हे कॅमेऱ्याने दाखवायचे तर दोन वेगळी दृश्ये घ्यावी लागतात. आवाजाचे तसे नाही. खोलीत एक आवाज भरून राहिला की त्या खोलीतली सगळी माणसे एकाच वेळी त्यात बुडालेली असतात आणि तरीही प्रत्येकाला तो निराळा ऐकू येत असतो. डोळे मिटता येतात, मान वळवता येते. कानाला मात्र पापणी नाही. ज्याला घरातून कुठे जाता येत नाही, अशा लहान मुलाची असहायता मांडायला आवाजाइतके प्रभावी साधन दुसरे नसावे.

शिर्डीचे जाते

या लघुपटात काय हरवले आहे हे कळायचे असेल, तर गिरणीच्या आधीच्या काळात जावे लागते. दळणाचे वर्णन करणारा मराठीतला बहुधा सर्वाधिक वाचला गेलेला प्रसंग आपल्याला अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातल्या शिर्डीत घेऊन जातो. गोविंद रघुनाथ दाभोलकर ऊर्फ हेमाडपंत यांच्या 'श्रीसाईसच्चरित' या ग्रंथाची सुरुवातच जात्याच्या घरघरीने होते.

प्रसंग १९१०नंतरचा, एका सकाळचा. साईबाबा मशिदीत पोते अंथरून, पुढ्यात जाते मांडून, बाह्या सारून गहू दळायला बसतात. ज्याला संसार नाही आणि जो भिक्षेवर राहतो, त्या फकिराला पिठाची काय गरज, असा प्रश्न पाहणाऱ्यांना पडतो. बातमी गावात पसरते. चार बायका पुढे होतात, बाबांना बाजूला सारून खुंटा आपल्या हाती घेतात आणि बाबांच्या लीला गात गात दळण संपवतात. पीठ आपल्यालाच मिळणार असे समजून त्या त्याचे चार भाग करतात, तेव्हा बाबा रागावतात आणि ते पीठ गावाच्या सीमेवर नेऊन टाकायला सांगतात. गावात पटकीची साथ होती आणि ते दळण तिच्या निवारणासाठी होते, असा उलगडा ग्रामस्थ दाभोलकरांना करून देतात. या प्रसंगातूनच आपल्याला ग्रंथलेखनाची प्रेरणा झाली, असे दाभोलकरांनी नमूद केले आहे. शिर्डीच्या द्वारकामाईत जाते आजही जतन केलेले आहे. दर्शनाच्या रांगेतले अनेक जण त्याच्यासमोर क्षणभर थांबतात.

श्रद्धेचा भाग ज्याचा त्याचा. आपल्या विषयाच्या दृष्टीने या प्रसंगात एक लक्षणीय गोष्ट आहे. जात्याची तीच घरघर दाभोलकरांना कोडे वाटते, त्या चार बायकांना गाण्याची साथ वाटते आणि साथीने धास्तावलेल्या गावाला अभयाचा आवाज वाटते. ऐकणारा बदलला की आवाजाचा अर्थ बदलतो, हे सूत्र इथेही आहे.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे जात्याच्या आवाजावर गाता येते. जात्याचा वेग हाताच्या वेगाने ठरतो. खुंटा फिरतो, दगडावर दगड घासतो, मुठीने दाणे पडतात आणि त्या लयीत ओवी सुचते. बाई दमली की जाते मंदावते आणि ओवीही मंदावते. आवाज माणसाच्या अंगातून निघालेला असतो, म्हणून माणसाच्या गळ्याशी त्याचे जुळते. ग्रंथांतली ओवी आणि जात्यावरची ओवी यांची घडण वेगळी असली, तरी त्यांचे नाते अभ्यासकांनी वारंवार दाखवले आहे. 'श्रीसाईसच्चरित'ही ओवीबद्धच आहे: ५३ अध्याय आणि नऊ हजारांहून अधिक ओव्या.

जात्यावरच्या ओव्यांचे भांडार किती मोठे होते, याची कल्पना पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांच्या कामावरून येते. १९८०च्या दशकापासून गावोगावी फिरून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. १९९०च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या मदतीने त्यांतील अनेक ओव्यांचे ध्वनिमुद्रण झाले. आता हा संग्रह 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' या संकेतस्थळावर ऐकायला मिळतो. सासर-माहेर, भाऊबीज, पंढरी, दुष्काळ, मुलीचा जन्म असे असंख्य विषय त्या ओव्यांत आहेत. जे उघड बोलता येत नव्हते ते बायका पहाटेच्या अंधारात जात्याजवळ बोलत होत्या आणि घरघरीच्या आडोशाला ते बोलणे सुरक्षित राहत होते.

मग यंत्र आले. खेड्यापाड्यांत आधी तेलाच्या इंजिनवर चालणाऱ्या गिरण्या आल्या. त्यांची 'पुक-पुक' कोसभर ऐकू जायची आणि आज गिरणी सुरू आहे, हे वस्त्यांना घरबसल्या कळायचे. नंतर विजेच्या गिरण्या आल्या, शहरात घरघंटी आली. बाईच्या खांद्यावरचा रोजचा भार उतरला, ही मोठी सुटका होती आणि तिच्याविषयी हळहळण्याचे कारण नाही. जात्याचे गोडवे गाणाऱ्यांनी कधी पायलीभर ज्वारी दळून पाहावी. मात्र या सुटकेबरोबर आवाजाचा स्वभावही बदलला. विजेच्या मोटारीचा वेग कोणाच्या श्वासावर चालत नाही. ती दमत नाही, थांबत नाही, तिच्या आवाजावर ओवी म्हणता येत नाही आणि तिच्याजवळ बसून मनातले बोलताही येत नाही. 'गिरणी'तल्या आई-मुलाच्या घरात नेमका हा दुसरा आवाज शिरला आहे. एका जुन्या ओळखीच्या आवाजाची जागा अनोळखी आवाजाने घेतली की घरातल्या संवादाचे काय होते, हा प्रश्न या लघुपटाच्या मुळाशी आहे.

गोंगाट ऐकवण्याची कला

असह्य आवाज प्रेक्षकांना ऐकवायचा कसा, ही वरवर सोपी वाटणारी गोष्ट प्रत्यक्षात अवघड आहे. आवाज नुसता मोठा केला तर प्रेक्षक वैतागतो आणि चित्रपटापासून तुटतो. सतत एकाच पातळीवर ठेवला तर उलटाच परिणाम होतो. पंख्याचा किंवा शीतकपाटाचा आवाज आपल्याला काही वेळाने ऐकू येईनासा होतो, कारण न बदलणाऱ्या आवाजाकडे मेंदू दुर्लक्ष करू लागतो. त्यामुळे गोंगाट ऐकू यावा असे वाटत असेल, तर त्याला थांबवावे लागते. यंत्र बंद झाल्यावर खोलीत जी शांतता पसरते, तिच्यामुळेच आधीचा आवाज किती मोठा होता हे कळते आणि पुढचा आवाज केव्हा सुरू होणार याची धास्ती निर्माण होते. ध्वनियोजनाकाराचे पहिले साधन आहे ती शांतता.

दुसरे साधन म्हणजे आवाजाचा उगम दाखवणे किंवा लपवणे. यंत्र पडद्यावर दिसत असते तेव्हा त्याचा आवाज ही साधी माहिती असते. तेच यंत्र नजरेआड झाले आणि आवाज मात्र चालूच राहिला, तर तो आवाज सर्वत्र पसरल्यासारखा वाटतो. फ्रेंच अभ्यासक मिशेल शिओ यांनी अशा उगम न दिसणाऱ्या आवाजाच्या सामर्थ्याविषयी विस्ताराने लिहिले आहे. जो दिसत नाही त्याचा आवाज अधिक भिववतो, हे आपल्या भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या आज्यांनाही ठाऊक होते.

तिसरे साधन म्हणजे अंतर. शेजारच्या खोलीतून येणारा आवाज आणि कानाजवळचा आवाज यांच्यात केवळ मोठे-लहान असा फरक नसतो. भिंतीपलीकडून येताना तीक्ष्ण सूर गळून पडतात आणि खर्जातली घरघर तेवढी उरते. पात्र दूर गेले तरी आवाज जवळचाच राहिला, तर प्रेक्षक न सांगता ओळखतो की आता हा आवाज खोलीतला राहिलेला नाही, तो त्या पात्राच्या डोक्यात शिरला आहे. वस्तुस्थितीतला आवाज आणि मनातला आवाज यांच्यातली सीमारेषा अशी हळूच ओलांडता येते. संवादांत 'मला हा आवाज सहन होत नाही' असे वाक्य घालण्याची गरज राहत नाही.

चौथी गोष्ट म्हणजे एक आवाज दुसऱ्या आवाजाला गिळतो. गिरणीसारखा भरगच्च आवाज चालू असला की माणसांचे बोलणे त्याखाली दबते. मग ओरडून बोलावे लागते, खुणा कराव्या लागतात किंवा बोलणेच टाळावे लागते. घरातल्या घरात माणसे एकमेकांशी ओरडून बोलू लागली की त्या घराचे काहीतरी बिनसले आहे, हे प्रेक्षकाला समजते. नाते दुरावल्याचे वेगळे दृश्य लिहावे लागत नाही.

या चार साधनांकडे लक्ष ठेवून 'गिरणी' पाहिला, तर त्यातला आवाज पार्श्वभूमीला न राहता एखाद्या पात्रासारखा वागतो, हे जाणवते. तो घरात पाहुणा म्हणून येतो, हवाहवासा वाटतो, मुक्काम ठोकतो आणि मग घराचा मालक होऊन बसतो.

प्रभातच्या आवारात

असा लघुपट विद्यार्थ्याच्या हातून व्हावा, यात योगायोगाचा भाग कमी आणि शिक्षणाचा अधिक आहे. १९६०मध्ये स्थापन झालेली एफटीआयआय पुण्याच्या लॉ कॉलेज रस्त्यावर, जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात उभी आहे. तिथे ध्वनिमुद्रण आणि ध्वनियोजना हा दिग्दर्शन, छायालेखन आणि संकलन यांच्या बरोबरीचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. पदविका चित्रपट करताना या चारही शाखांचे विद्यार्थी एकत्र येतात. म्हणजे ध्वनीचा विद्यार्थी चित्रीकरण संपल्यावर बोलावला जाणारा तंत्रज्ञ न राहता पहिल्या दिवसापासून चित्रपटाचा भागीदार असतो. २००९मध्ये 'स्लमडॉग मिलेनियर'साठी ध्वनीचे ऑस्कर मिळवणाऱ्यांतले रसूल पुकुट्टी याच संस्थेतून १९९५मध्ये बाहेर पडले.

ही गोष्ट महत्त्वाची अशासाठी की तेव्हाच्या व्यावसायिक चित्रपटांची रीत वेगळी होती. चित्रीकरणाच्या वेळचा आवाज बाजूला ठेवून संवाद नंतर स्टुडिओत डब करायचे आणि पावलांचे, दारांचे, भांड्यांचे आवाज कृत्रिमरीत्या भरायचे, असा अनेक दशकांचा शिरस्ता होता. २००१मध्ये 'लगान'ने चित्रीकरणस्थळी मुद्रित केलेल्या आवाजाचा आग्रह धरला, तेव्हा त्याची बातमी झाली. डबिंगमध्ये शब्द स्वच्छ ऐकू येतात, पण खोलीची कोंदट हवा, जिन्याचा घुमारा, शेजारच्या घरातली शिट्टी हे सारे पुसले जाते. 'गिरणी'सारख्या चित्रपटाचा तर आत्माच त्या पुसल्या जाणाऱ्या गोष्टींत आहे.

याच आवारात त्याच्या कितीतरी आधी एक मोठा प्रयोग होऊन गेला होता. व्ही. शांताराम दिग्दर्शित 'कुंकू' (१९३७) हा प्रभातचा चित्रपट. बोलपट येऊन मराठीत जेमतेम पाच वर्षे झाली होती आणि पडद्यावर गाण्यांचा व वाद्यांचा पूर लोटला होता. अशा काळात 'कुंकू'मध्ये पार्श्वसंगीत वापरण्याचे टाळण्यात आले. जे ऐकू येते ते कथेच्या जगातले आवाज आहेत आणि गाण्यालासुद्धा ग्रामोफोनसारख्या घरातल्या वस्तूची सोबत आहे. वयस्कर विधुर काकासाहेबांशी फसवून लग्न लावून दिलेल्या नीरेची ही कथा. तिच्यात भिंतीवरचे घड्याळ म्हाताऱ्या नवऱ्याच्या सरत्या आयुष्याचे प्रतीक होऊन येते. केशवराव दाते आणि शांता आपटे यांच्या अभिनयाइतकेच ते घड्याळही लक्षात राहते. 'कुंकू'तले घड्याळ आणि 'गिरणी'तले यंत्र यांच्यात सुमारे सात दशकांचे अंतर आहे, पण घरातल्या एका वस्तूच्या आवाजावर घरातले दुःख तोलून धरण्याची रीत त्याच कुळातली आहे.

नगरच्या वर्गातून

शिर्डी ज्या जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात पुढे काही वर्षांनी आणखी एक विद्यार्थी-लघुपट जन्माला आला. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे नगरच्या न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स कॉलेजात संज्ञापन अभ्यासाचे शिक्षण घेत असताना त्यांनी 'पिस्तुल्या' केला. शाळेची ओढ असलेल्या, पण परिस्थितीने चोरीकडे ढकलल्या जाणाऱ्या मुलाची ही पंधरा-एक मिनिटांची कथा. ५८व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत, कथाबाह्य चित्रपटांच्या विभागात, दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटाचा पुरस्कार तिला मिळाला. एफटीआयआयची साधने, स्टुडिओ, परंपरा यांपैकी काहीही नगरच्या वर्गात नव्हते. तिथे असलेली मोठी पुंजी म्हणजे आजूबाजूच्या बोलीचा आणि माणसांचा सच्चा आवाज.

मंजुळे यांच्या पुढच्या कामात 'एकच आवाज, दोन कान' हे सूत्र ठळकपणे दिसते. नगरजवळच्या अकोळनेर गावात घडणाऱ्या 'फँड्री'मध्ये (२०१३) डुकराच्या मागे धावणारे कैकाडी कुटुंब शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येताच जागच्या जागी ताठ उभे राहते. हाताशी आलेले डुक्कर मात्र थांबत नाही. शाळेच्या पटांगणातल्या मुलांना ते सूर सवयीचे आहेत. भिंतीच्या अलीकडे, जिथे पोटाचा प्रश्न आणि अपमान एकाच वेळी समोर उभे आहेत, तिथे त्याच सुरांचा अर्थ किती वेगळा होतो! या प्रसंगात एकही स्पष्टीकरणाचा संवाद नाही आणि त्याची गरजही भासत नाही.

'पावसाचा निबंध' (२०१७) या त्यांच्या लघुपटात तर विषयच मुळी आवाजाचा आहे. मास्तरांनी पावसावर निबंध लिहायला सांगितला आहे. पुस्तकातला पाऊस रिमझिम पडतो. राजा नावाच्या मुलाच्या घरातला पाऊस छपरातून गळतो. गच्चीवर उभे राहून ऐकलेला पाऊस आणि गळक्या घरात भांडी मांडताना ऐकलेला पाऊस हे दोन वेगळे पाऊस आहेत. ६५व्या राष्ट्रीय पुरस्कारांत या लघुपटाला दिग्दर्शनाबरोबरच ध्वनीचाही पुरस्कार मिळाला. तो अविनाश सोनवणे यांच्या नावावर आहे. मराठी लघुपटातल्या आवाजाची राष्ट्रीय पातळीवर अशी दखल घेतली गेली, ही आनंदाची गोष्ट. मात्र आपल्या चित्रपट-परीक्षणांत ध्वनियोजनाकाराचे नाव अजूनही क्वचितच येते, हेही नोंदवायला हवे.

देवळाचा भोंगा

उमेश कुलकर्णी यांच्या 'देऊळ'मध्ये घरातली घरघर गावाच्या वेशीपर्यंत पोहोचली. मंगरूळ नावाच्या गावात केशा या गुराख्याला दत्ताचा साक्षात्कार होतो आणि त्या भाबड्या अनुभवाभोवती बघता बघता देऊळ, दुकाने, जाहिराती आणि राजकारण यांचा बाजार उभा राहतो. ५९व्या राष्ट्रीय पुरस्कारांत या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान विभागून मिळाला. गिरीश कुलकर्णी यांना अभिनय आणि संवाद या दोन्हींसाठी गौरवण्यात आले. 'गिरणी' पाहिलेल्या प्रेक्षकाला 'देऊळ' ऐकताना एक धागा सापडतो. माळरानावरच्या निवांतपणात ज्याला काहीतरी गवसले, त्याचा तो निवांतपणाच गवसलेल्या गोष्टीच्या गजराने नाहीसा होतो. गिरणी घरात आणली होती पोटासाठी. देऊळ गावात आणले जाते विकासासाठी. दोन्ही ठिकाणी हेतू समजण्याजोगा आहे आणि दोन्ही ठिकाणी एका भोळ्या जिवाची शांतता त्याची किंमत ठरते.

'देऊळ'मधले गाव काल्पनिक आहे आणि कोणत्याही एका तीर्थक्षेत्राकडे बोट दाखवण्याचे कारण नाही. तरीही आवाजाचा प्रश्न प्रत्येक तीर्थक्षेत्रापुढे उभा आहे आणि शिर्डीही त्याला अपवाद नाही. ध्वनिप्रदूषणाविषयीच्या २०००च्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. मे २०२२मध्ये राज्यभर भोंग्यांचा वाद पेटला, तेव्हा शिर्डीच्या साई मंदिरातली पहाटेची काकड आरती आणि रात्रीची शेजारती ध्वनिक्षेपकाविना झाली. वर्षानुवर्षे घरबसल्या ती आरती ऐकणाऱ्यांना त्या दिवशी गाव सुने वाटले असेल. कोणाची झोप लागत नसेल, कोणी आजारी असेल, कोणाची परीक्षा असेल, तर त्याच शांततेने त्याला दिलासाही मिळाला असेल. या दोघांपैकी एकाला भाविक आणि दुसऱ्याला नास्तिक ठरवून प्रश्न सुटत नाही. 'गिरणी'तल्या आई-मुलापैकी एकाला दोषी ठरवून तरी कुठे सुटतो?

कायदा डेसिबल मोजतो आणि ते त्याचे कामच आहे. आवाजाचा अर्थ मात्र डेसिबलमध्ये मोजता येत नाही. जात्याची घरघर आणि मोटारीची घरघर, काकड आरती आणि कर्णा, राष्ट्रगीत आणि डुकराच्या मागची धावपळ, निबंधातला पाऊस आणि छपरातला पाऊस यांतला फरक ऐकणाऱ्याच्या आयुष्यातून येतो. तो फरक आपल्यासारख्या परक्या माणसाला, काही मिनिटांपुरता का होईना, त्याच्या कानांनी ऐकवणे हे चित्रपटाला जमते. त्यासाठी मोठे भांडवल लागत नाही, गाजलेले कलावंत लागत नाहीत. 'गिरणी' आणि 'पिस्तुल्या' हे दोन विद्यार्थ्यांचे चित्रपट त्याची साक्ष आहेत. लागते ते एवढेच, की ज्या आवाजाची आपल्याला सवय झाली आहे तो शेजारच्याला कसा ऐकू येत असेल, असा प्रश्न कोणाला तरी पडावा.

आपल्या इमारतीत कोणाच्या तरी घरी घरघंटी असतेच. दुपारी ती सुरू झाली की आपण कपाळाला आठी घालून खिडकी लावून घेतो. 'गिरणी' पाहिल्यानंतर खिडकी लावायला हरकत नाही. पण त्या आवाजाच्या पलीकडे कोणाचा तरी संसार दळला जातो आहे आणि अलीकडे कोणीतरी लहान मूल पुस्तक उघडून बसले आहे, ही दोन्ही चित्रे एकदम डोळ्यांपुढे येतील.